लाल रेघ

लॅबमध्ये बारा वर्षं काढली की नळ्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. परभणीतली आमची लॅब छोटीशी. रिपोर्ट छापून आला की मर्यादेबाहेरच्या आकड्याखाली मी लाल पेनानं रेघ मारतो, डॉक्टरांच्या सोयीसाठी. पण पेशंट वाचतात ते तेवढंच! पूर्वी हे किस्से मी टाळ्या घेत सांगायचो. हल्ली सांगताना मान खाली जाते.

*

एका आजोबांच्या रिपोर्टवर सात लाल रेघा आल्या. मी धीर द्यायला गेलो, तोवर त्यांनी सुनेला फोन लावला होता.

"सात हायेत, सात! आता तरी भाकर गरम वाढ!"

*

पिंगळीची रुक्मिणबाई. घरची मेंढरं. दोन वर्षांपासून अंगभर दुखणं, झोप नाही. डॉक्टरांनी सुजेच्या तपासण्या लिहून दिल्या, ईएसआर आणि सीआरपी. दोन्ही नॉर्मल. मी नेहमीसारखा ओरडलो, "काकू, काहीच नाही निघालं! पेढे आणा!"

तिचा नवरा खूश. "बघ! मशीनबी म्हणायली, काई न्हाई. मेंढरू लंगडलं तर पाय सुजल्याला दिसतो. हिचं कुटं काय सुजलंय?"

आम्ही सगळे हसलो. ती सोडून.

*

पुढच्या चार महिन्यांत ती आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा नॉर्मल. रक्त काढणारा अन्वर आणि मी तिला 'नॉर्मल काकू' म्हणायला लागलो. खरं सांगतो, नाव मी ठेवलं, अन्वर फक्त हसला.

एकदा मी ओरडलो, "अन्वर, नॉर्मल काकूंची नळी कुठंय?"

"ती अजून भरायचीच हाय, भाऊ," मागून आवाज आला. रुक्मिणबाई बाही वर करून उभी होती. मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

*

तरी अक्कल आली नाही. मी डॉक्टरांना विचारलं, "सर, त्या बाईंचं नाटक किती दिवस चालणार?"

सर तापलेच. "फायब्रोमायल्जिया आहे तिला! सांध्यांना सूज नसते, म्हणून तुझ्या नळीत काही दिसत नाही. पण मेंदू आणि नसांना साधा धक्कासुद्धा घावासारखा लागतो. तिथं बारीक सूज असते का, यावर अजून अभ्यास चालू आहे. मशीनला दिसलं नाही म्हणजे दुखत नाही, हे तिच्या घरी कुणी सांगितलं?"

मीच सांगितलं होतं, पेढे मागून.

*

मागच्या आठवड्यात ती एकटीच आली. चौथा रिपोर्ट, तोही नॉर्मल. मी उठून हात जोडले. "काकू, माझं चुकलं. तुमचं दुखणं खरं आहे. डॉक्टरांनी सांगितलं मला."

"मला म्हाईत हाय की, भाऊ."

तिनं टेबलावरचा लाल पेन उचलून माझ्यापुढं धरला.

"पर घरी कागदच बघतेत. एक रेघ मारा. लय लांब नगं. दोन दिस पडून ऱ्हाता येईल, एवढीच!"