पायांची दाढी

आमच्या लालबागच्या चाळीत मी पायांची दाढी करतो हे सगळ्यांना माहीत आहे. करतो. कोणाच्या बापाचं काय जातं?

लेकीची नाळ पडली आणि तिच्या आंघोळीचा प्रश्न उभा राहिला. बायकोला सिझरचे टाके, तिला वाकता येईना. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. आईचे गुडघे धरलेले, तिला पाटावर बसणं जमेना. मग आईने शेजारच्या काकूंना बोलावलं. काकू मनाने चांगल्या, पण हात म्हणजे दगड. कढत पाण्याचे तांबेच्या तांबे ओतायचे, पिठाची गोळी खसाखसा फिरवायची, वर नाक चिमटीत धरून ओढायचं. पोर लालबुंद व्हायची, रडून रडून आवाज बसायचा. "रडू दे, छाती मोकळी होते," असं काकू म्हणायच्या. आतल्या खोलीत बायको तोंडात पदर कोंबून रडायची, तिची छाती काही मोकळी होत नव्हती.

चौथ्या दिवशी मी काकूंच्या पुढ्यातून पोर उचलली. म्हटलं, "काकू, तुमचे उपकार आहेत. उद्यापासून मी घालीन."

काकू हसल्या. आई हसली नाही. आई चिडली की मालवणीवर येते. "मेल्या, ह्यां काय बापयांचां काम? सोडशील पोराक खाली!"

"आई, गोविंदाच्या दुसऱ्या थरात मी उभा राहतो. खांद्यावर दोन-दोन माणसं पेलतो. तीन किलोची पोर पेलणार नाही?"

खरं सांगू? सकाळी मोरीत पाय लांब करून बसलो तेव्हा घाम फुटला होता. पण मला माझी लेक माझ्या हातात हवी होती, बस. कोपराने पाणी बघितलं. तिला नडग्यांवर आडवी घेतली, डोकं पावलांच्या बेचक्यात. गळ्याच्या वळीत दूध साचून आंबूस वास मारत होता. रोज एवढी घासाघीस व्हायची आणि तिथे कोणाचं बोट पोचलं नव्हतं. ओल्या मऊ फडक्याने हळूहळू पुसलं. कपाळावर हाताचा आडोसा धरून डोक्यावर पाणी सोडलं. ती रडली नाही. डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. आयला, रडलो मीच.

मग पाठ धुवायला पालथी घातली, आणि तिथे घोळ झाला. टॉवेलात गुंडाळायला उचलली तर पोटावर, गालावर लाल लाल ओरखडे. माझ्या पायांवर अस्वलासारखे केस! बायकांच्या पायांवर शतकानुशतकं पोरं न्हायली, त्यामुळे ही अडचण कोणी सांगितलेलीच नव्हती. आईला तर आयतंच कोलीत मिळालं. "बघ! देवाने बापयांचे पाय त्यासाठी बनवलेच नाहीत!"

मी उठलो. वस्तरा घेतला, साबण फासला आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दोन्ही पाय साफ केले. दुसऱ्या दिवशी पोर लोण्यावर झोपावी तशी झोपली.

संध्याकाळी हंडीच्या सरावाला हाफ पँट घालून गेलो. पोरांनी शिट्ट्या मारल्या. "काय रे, फोटो बिटो काढायचेत काय मॉडेलिंगचे?" एकजण म्हणाला, "बायकोने कामाला लावला वाटतं." मी म्हटलं, "लेकीला पायांवर घेऊन आंघोळ घालतो. तुझी दोन पोरं झाली, एकाच्या तरी पाठीवर पाणी ओतलंस का रे?" बाकीचे हसायचे ते हसलेच. फुल पँट घालून गेलो असतो तर विषय निघाला नसता, पण का घालायची फुल पँट?

काकू गॅलरीतून वाकून बघायच्या. येणारेजाणारे मोरीपाशी थांबून सल्ले द्यायचे. मी दार लोटून घेत नसे. बघा, पोटभर बघा.

पोर चार महिन्यांची झाली तोवर आईचे गुडघे औषधाने बरेच सुधारले होते. एका सकाळी मी पाणी काढत होतो, तर ती पदर खोचून, पाट घेऊन मोरीत हजर. "सरक. आता मी घालते. तुझं झालं ना हौसमौज करून?"

पोर माझ्या काखेत, तेलाने चपचपीत. आईला नाही म्हणायची मला सवय नव्हती. "आई," मी म्हटलं, "तू मला आंघोळ घातलीस ना? मग ही माझी आहे. मी देणार नाही."

मला वाटलं, आता मालवणी सुरू होणार. तिने वाकून माझ्या नडगीवरून हात फिरवला, वर आणि मग उलटा खाली.

"मग मेल्या, आधी दाढी करून ये," आई म्हणाली आणि पोर माझ्याकडून घेऊन पाटावर टेकली. "खुंट टोचतील पोरीला. तोवर मी नुसती धरून बसते."