फाटकातला उंचवटा

वडिलांची छोटी जुनी गाडी दादाने बळकावली. शिवाय सामाईक फाटकात सिमेंटचा उंचवटा घातला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या, चिमणीच्या गॅरेजात ढकलत आणलेली बंद गाडी चढूच नये. गिऱ्हाईक आटलं. चिमणी दात-ओठ खात राहिली.

एक दिवस दादाच गाडी घेऊन आला. "चिमणे, मागून पार खाली बसव. रुबाब दिसला पाहिजे!"

"विचार कर हं, दादा."

"मला शिकवू नकोस!"

तिने गंजलेले बुश बदलले, नवे शॉकअप बसवले, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची कमान मनापासून उतरवली, तशी गाडी मागून खाली बसली. कामात खोट नव्हती.

दादा ऐटीत निघाला. उंचवट्यावर गाडीचं पोट खर्रकन घासलं. तो घाबरून मागे आला.

"पुन्हा वर उचल!"

"वेळ नाही रे. घण तिथे ठेवलाय. फोड."