पुढचा दात

पनवेलच्या शाळेत लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आई-वडील नव्हते, एकुलता भाऊ इंदूरला. गावात ओळखीचं कोणी नव्हतं. एका घराची मागची खोली भाड्याने घेतली होती आणि विहिरीचं पाणी मीच काढत असे.

माघातल्या एका सकाळी ओला रहाट हातातून निसटला. भरलेली घागर खाली गेली, रहाट उलटा गरगरला आणि त्याची दांडी तोंडावर बसली. रक्त थांबल्यावर जिभेने चाचपलं. वरचा पुढचा दात हलत होता. घरमालकीणबाई ओटीवरून म्हणाल्या, "जपून हो," आणि आत गेल्या.

गावातल्या डॉक्टरांनी दात हलवून पाहिला. "काढायची घाई नको. मूळ धरलं तर धरेल. पंधरा दिवस मऊ खा. पण काळा पडला किंवा हिरडी सुजली, तर थांबू नका, मुंबईला दातांच्या डॉक्टरांकडे जा. आणि सोबत कोणाला तरी न्या."

पेज पिऊन पंधरा दिवस काढले. दात घट्ट झाला, पण रोज थोडा थोडा काळवंडत गेला. मी भावाला लिहिलं. दहा दिवसांनी उत्तर आलं: 'चैत्रात ठाण्याची मंडळी तुला पाहायला येणार आहेत. तोवर दाताला हात लावू नकोस. काळा दात ओठ मिटले की दिसत नाही, खिंडार मात्र लपत नाही.' दुखतंय का, हे त्याने विचारलं नव्हतं.

मी ओठ मिटून राहू लागले. शिकवतानाही तोंड शक्यतो फळ्याकडे. शाळेत कोणी काही म्हणालं नाही, की कोणाला कळलंच नाही, देव जाणे.

शिमग्याच्या सुमारास हिरडीवर फोड आला. मी पुन्हा भावाला लिहिलं आणि वाट पाहत बसले. जवळच्या कोन गावाहून दारावर भाजी घेऊन येणारी एक बाई होती. तिने पाटी उतरवली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"बाय, तोंड सुजलाय तुजा. कुनाची वाट बगतंस?"

"भावाच्या पत्राची."

"पत्रान् दुखना थांबतंय का?" तिने वांगी मोजून दिली आणि पाटी उचलून निघून गेली.

त्या शनिवारी मी रजा टाकली आणि एकटीच एस.टी.त बसले.

दादरच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. "काळा पडू लागला तेव्हाच आला असतात, तर कदाचित वाचवला असता. आता मुळाशी पू झालाय, काढावाच लागेल. बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग घरी विचारून या हवं तर."

"विचारायचं कोणाला? काढा तुम्ही," मी म्हटलं. खुर्चीचे हात घट्ट धरले तेव्हा ते गार लागले, एवढं आठवतं.

परतताना तोंडात कापूस होता. दिवसभर बोलू नका असं त्यांनी बजावलं होतं. रविवार संध्याकाळपर्यंत मी बोलले नाही आणि त्यामुळे कोणाचंच काही अडलं नाही.

दात काढल्याचं भावाला कळवलं, ठाण्याच्या मंडळींनाही सांग म्हणून लिहिलं. ती मंडळी आली नाहीत. भावाचं पत्र पार दिवाळीत आलं. त्यात दाताचा उल्लेख नव्हता.

पावसाळ्यानंतर खोटा दात बसवून घेतला. तो जिभेला अडायचा, 'त'चा भलताच उच्चार व्हायचा. डॉक्टर म्हणाले, "रोज मोठ्याने वाचा, सवय होईल." म्हणून दिवेलागणीला खोलीत उभी राहून चौथीच्या पुस्तकातला धडा वाचू लागले. दोन पानं झाली असतील. भिंतीपलीकडून मालकीणबाईंचा आवाज आला, "बाई, कोणी पाहुणे आलेत का?"

"नाही हो," मी म्हटलं, आणि पुढचं पान उलटलं.