आप्पांच्या गुदगुल्या

गिरणीतून आले की आप्पा, म्हणजे आमचे वडील, पाय धुवायचे आणि आम्हा तिन्ही भावंडांना ओळीने उभं करायचे. "हात वर!" म्हणत प्रत्येकाच्या काखेत बोटं घालून गुदगुल्या. बाकीच्यांचे बाप घरी आले की पोरं चिडीचूप. आमचे आले की घरात नुसता दंगा. असला बाप अख्ख्या सोलापुरात दुसरा नाही, असा माझा तोरा होता.

आप्पांचा आणखी एक कायदा होता. घरात मेलेला उंदीर सापडला की लगोलग भांडीकुंडी गाडीत भरून वळसंगच्या वाटेवर मामाच्या शेतात मुक्काम. प्लेगात लोक असेच घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे. साथ केव्हाच सरली होती, आप्पांचा कायदा काही सरला नव्हता. आई कपाळावर हात मारायची. आमची मात्र चंगळ! हुरडा, विहीर आणि शाळेला आठ दिवस दांडी.

मी चौथीत असताना दिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार होते आणि मला एकोणिसाचा पाढा काही केल्या येत नव्हता. मी शेजारच्या मांजरानं मारलेला उंदीर फडक्यात उचलला आणि आमच्या ज्वारीच्या कणगीमागे नेऊन ठेवला. स्वतःच्या अकलेवर मी भलतीच खूश होते.

संध्याकाळी आप्पांना तो दिसला. ते ओरडले नाहीत. धाकट्याच्या काखेत बोटं घातली, मग बहिणीच्या, मग माझ्या. मला हसूच येईना. त्यांची बोटं एकेका जागी दाबून थांबत होती. या गुदगुल्या नव्हत्याच. ते काहीतरी चाचपत होते, आणि रोजच चाचपत आले होते.

"आप्पा, उंदीर मी ठेवला," मी रडतच म्हटलं. "दिपोटीसाहेब यायचेत म्हणून."

आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. आप्पा माझ्यासमोर उकिडवे बसले.

"माज्या थोरल्या बहिणीच्या काखंत गाठ आल्ती," ते म्हणाले. "म्हनली, कुनाला सांगू नगं, मला पकडून प्लेगच्या दवाखान्यात न्हेतील. मी सात वर्साचा. न्हाय सांगितलं. तिसऱ्या दिशी ती गेली." मग धोतराच्या सोग्यानं माझं नाक पुसत म्हणाले, "तू सांगितलंस. लई चांगलं केलंस."

आईनं विचारलं, "मग शेतात जायचं का न्हाय?"

"जायचं की! पन दिपोटी यिऊन गेल्यावर." आणि आप्पा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

पुढे मला लेक झाली. प्लेग मी डोळ्यांनी पाहिलेलाही नाही, तरी तिचं अंग जरा कोमट लागलं की माझी बोटं तिच्या काखेत. आप्पांची भीती माझ्या हातात उतरली होती. एकदा ती म्हणाली, "आई, मला हसवतेस आणि तू का गं हसत नाहीस?" तेव्हा मी आप्पांच्या बहिणीची गोष्ट तिला सांगून टाकली. म्हटलं, "तुला काही झालं तर मला सांगायचं. कुणी नको म्हटलं तरी सांगायचं."

तेव्हापासून साधा डास चावला तरी ती धावत येऊन सांगते. शेजारणी हसतात, मीही हसते. पण हातातलं पीठ तसंच टाकून मी तो ठिपका नीट बघते.