पासपोर्ट घरात नव्हता तेव्हा

परवा कपाट आवरताना प्रागचा घडी घातलेला नकाशा हाती आला आणि आखातात राहत होतो तेव्हाच्या, अल मनखूलच्या जुन्या फ्लॅटमधले ते बारा दिवस आठवले. ईदच्या सुट्टीत चार दिवस प्रागला जायचं ठरलं होतं. नवरा जेवणाच्या टेबलावर हा नकाशा पसरून जुना पूल, किल्ला असं एकेक पेनाने गोल करत बसायचा, लेक "कॅसल फर्स्ट, बाबा!" म्हणून नाचायची. माझं लक्ष मात्र फोनकडे. व्हिसासाठी पासपोर्ट जमा केले होते, आणि पुण्यात आई-बाबा दोघंच. काही झालंच तर मी जाणार कशी? रोज संध्याकाळी फोन केला की आई म्हणायची, "सगळं ठीक आहे गं. पासपोर्ट आला का?" बाबा मात्र कधी झोपलेले, कधी फिरायला गेलेले. बाराव्या दिवशी कुरियर आलं. पाकीट फोडून उभ्या उभ्याच आईला फोनवर सांगितलं, "आले गं पासपोर्ट. खलास, झालं एकदाचं, सुटले बाई!" तेव्हा ती म्हणाली, "आता सांगते. बाबा बाथरूममध्ये पडले, आठ दिवस झाले. खुब्याचं ऑपरेशन झालंय. तू तिथे नुसती तडफडत बसशील म्हणून त्यांनीच सांगू दिलं नाही." त्याच रात्री मी पुण्याला निघाले, नकाशा टेबलावर तसाच राहिला. बाबा आता काठी घेऊन हिंडतात. तरी अजूनही फोन लावला की मी आधी सांगते, "आई, पासपोर्ट घरातच आहे," आणि मगच विचारते, "बाबा कसे आहेत?"