ओहोटीचं कारण चालत नाही

गाडी सुटायची वेळ झाली की आमचा ड्रायव्हर खाली उतरून खाडीकडे बघत उभा राहायचा. कपाळावर आडवा हात, तोंडात विडी. आत बसलेल्यांनी कितीही आरडाओरडा केला तरी त्याचं उत्तर एकच, "वायच दम धरा, होडी येता."

तुमच्यापैकी जुन्यांना आठवत असेल, तेव्हा आचऱ्याच्या बाजूला खाडीवर पूल नव्हता. पलीकडची माणसं होडीनं यायची आणि अलीकडे उभी असलेली कणकवलीची गाडी पकडायची. मी त्यातलाच एक शाळामास्तर. भरतीला होडी सरसर यायची, ओहोटीला वाळूत रुतायची. मग आम्ही धोतरं खोचून चिखल तुडवत यायचो, आणि तो थांबलेला असायचा. "माणसां टाकून गाडी खंय व्हरू?" म्हणायचा.

वेळापत्रक करणाऱ्या साहेबानं मात्र खाडी कधी पाहिली असेल असं मला वाटत नाही. ओहोटीची वेळ रोज बदलते, गाडीची वर्षभर तीच! उशीर झाला की ह्याला मेमो. ह्यानं खुलासा दिला, 'ओहोटी होती.' उत्तर आलं, 'हे कारण चालत नाही.' मग चालतं काय? तर पंक्चर चालतं, इंजिन तापलेलं चालतं. बिचारा खोटं बोलायला शिकला. ओहोटी आली की ह्याचं चाक पंक्चर! आम्ही हसायचो. शेवटी कचेरीनं ठरवलं की हा माणूस गाडी नीट सांभाळत नाही. पुन्हा उशीर झाला तर घरी बसवू, अशी ताकीद मिळाली.

तेव्हापासून तो थांबेनासा झाला. होडी मध्यावर असताना आमच्या डोळ्यांदेखत गाडी निघून जायची. मासे विकणाऱ्या जनाबाईला वाटेवरच्या बाजारात चालत पोचायला दुपार व्हायची, आणि तेव्हा तिच्या माशांकडे मांजरही ढुंकून बघत नसे. एकदा तिनं त्याला गाठलंच.

"मेल्या, माणूस होतस मा रे तू! काय झाला तुका?"

"माका नको इचारू गो," तो मान वळवून म्हणाला, "त्या घड्याळाक इचार."

पुढे वेळेवर गाडी चालवतो म्हणून कचेरीत त्याला हार घातला. गाडी निम्मी रिकामी का धावते, हे कोणी विचारलं नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्याच्यावर रागवावं तर तो पोटासाठी करत होता, आणि साहेबावर रागवावं तर साहेब पाहिला होता कोणी?

निवृत्त झाल्यावर एकदा तो आमच्याच होडीत होता. जनाबाईही होती. आम्ही चिखलातून वर चढतो तोच नव्या ड्रायव्हरनं गाडी सोडली. मी ओरडलो, हात हलवले, पायातली वहाण फेकून मारावीशी वाटली. हा मात्र शांत.

"गाडी येळेर गेली, मास्तर. तेचो काय दोष?"

भल्या माणसाला कचेरीनं पुरतं वाकवलं होतं! संतापानं माझे डोळे भरून आले.

जनाबाई टोपली उचलायला वाकली. तिच्या आधी त्यानंच ती स्वतःच्या डोक्यावर घेतली.

"चल गो, बाजार गाठूचो आसा."

माशांचं पाणी पांढऱ्या सदऱ्यावर गळत होतं, आणि तो गाडीच्या धुळीतून झपाझप चालत निघाला होता.