दोघी घेऊन ये

"एकटी आली? जा, दोघी घेऊन ये."

आमच्या शाळेतल्या चपराशी मावशीचं हे वाक्य ऐकलं नाही असा दिवस गेला नाही. म्हणताना ती उजव्या हाताची दोन बोटं नाचवायची. शाई सांडली, चप्पल तुटली, काहीही सांगायला जा, एकटीची तक्रार ती ऐकूनच घेत नसे. एकदा तहान लागली म्हणून गेलेल्या पाचवीतल्या पोरीलाही तिनं परत पाठवलं होतं. आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

शाळा अड्याळ गावाच्या बाजूची. आम्ही सात मुली शेजारच्या गावातून तळ्याच्या पाळीवरून, त्या उंच मातीच्या काठावरून, चालत यायचो. मी नववीत असताना दहावीतला एक मुलगा पाळीवर सायकल आडवी लावून उभा राहू लागला. माझी रिबीन ओढायचा आणि कानाशी येऊन जे बोलायचा, ते मी आजही लिहिणार नाही. मैत्रिणी खाली मान घालून पुढे जायच्या. मीही दुसरीसाठी थांबले नसते, खरं सांगते. घरी बोलायची सोय नव्हती. मोठ्या बहिणीनं असंच काहीसं घरी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तिचं दप्तर माळ्यावर गेलं. मला माझं दप्तर हवं होतं.

मावशीनं मला पाण्याच्या टाकीमागे रडताना पकडलं.

"काहून रडून राहिली वं?"

त्या दिवशी तिनं एकटीचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रोवणीत बांधावर माणूस आला तं बाया काय करतेत?"

आमच्याकडे धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असताना कुणी पुरुष बांधावर आला, की चिखलाच्या हातांनी बाया त्याला घेरतात आणि काहीतरी द्यायचं कबूल करून घेतल्याशिवाय सोडत नाहीत. भलेभले शरण येतात.

"मंग? रोवणी येते अन् एका पोट्ट्याले भेते?"

मधल्या सुट्टीत तिनं आम्हा साती जणींना एकत्र बसवलं. तेव्हा कळलं, आणखी तिघींनी तेच ऐकलं होतं आणि तिघीही गप्प होत्या.

दुसऱ्या दिवशी सायकल आडवी आली आणि आम्ही त्याला घेरलं. हात कुणी लावला नाही. आमच्यातली सर्वांत बुटकी म्हणाली, "काल हिच्या कानात सांगितलं ते आता जोरानं सांग."

"मले शाळेत जाऊ द्या," तो पुटपुटला.

"आमाले बी शाळेतच जाचं हाये!"

तशीच वरात हेडमास्तरांच्या खोलीत गेली. मावशी दारात पदरानं हसू दाबत उभी होती. "सर, साती आल्या. एकटी कोणीच नाही."

हेडमास्तरांनी त्याच्या वडिलांना बोलावलं, आणि माझ्याही. मी दप्तर छातीशी घट्ट धरलं. मावशीनं बाबांना फाटकातच गाठलं.

"भाऊ, चूक पोट्ट्याची. शाळा तुमच्या पोरीची काहून सुटन?"

बाबा चपलेनं माती उकरत राहिले. "उद्यापासून मी शाळेत सोडून देईन तिले," ते म्हणाले.

"तुमी कायले? सहा जणी हायेत तिच्यासंग."

बाबा मला न घेताच घरी परतले. पाळीवर ती सायकल पुन्हा उभी राहिली नाही.

दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन मी मावशीच्या घरी धावले. आठवड्यापूर्वीच ती गेली होती. मी अंगणातच बसले आणि ढसाढसा रडले. तिच्या सुनेनं माझ्या हातातला पुडा घेतला.

"बुढीनं लय डोकं खाल्लं माह्यं," ती म्हणाली. "रोज इचारे, त्या पोरीचा निकाल लागला काय? अजून आठ दिवस हायेत म्हटलं, तं म्हणे, मले येवढा येळ नाही. पास झाली समजतो."